तीस फेरे, आठ ठोके

ऑटर्डन, केंट : २ जुलै १७२९

सकाळचे दहा वाजायला आलेत. एका लांबलचक दालनाच्या टोकाला तुम्ही उकिडवे बसला आहात आणि हातातल्या छोट्या फळीवर पितळी वर्खाचे कपटे आहेत. श्वास जपून सोडा, नाहीतर ते उडतील. फळीच्या थोडंसं वर एक हस्तिदंती चेंडू सुतळीला लोंबतोय. सुतळी वर जाते, आडव्या ताणलेल्या बारीक रेशमी दोऱ्यावर टेकते आणि तिथून दालनाच्या दुसऱ्या टोकाला पोचते. एकूण लांबी साडेऐंशी फूट.

त्या टोकाला साठी ओलांडलेले एक गृहस्थ उभे आहेत. हे स्टीफन ग्रे. धंद्याने रंगारी, आता लंडनच्या चार्टरहाउस या धर्मादाय आश्रमात राहतात. हवेली त्यांचे मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर यांची. ग्रे यांच्या हातात साडेतीन फुटांच्या आतबाहेरची काचेची नळी आहे आणि सुतळीचं टोक त्या नळीला अडकवलेलं आहे. ते नळी जोरात घासू लागतात.

इकडे तुमच्या फळीवरचा एक कपटा थरथरतो, उभा राहतो आणि टुणकन उडून चेंडूला चिकटतो. घासली काच, पण हालचाल झाली साडेऐंशी फुटांवर.

ग्रे यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. काच घासली की तिच्या पृष्ठभागावरचे काही इलेक्ट्रॉन घासणाऱ्या वस्तूकडे जातात. काच धन होते, घासणारी वस्तू तितकीच ऋण. प्रभार नव्याने जन्मला नाही. तो दोघांतही आधीपासून होता, समसमान होता, फक्त वाटणी बिघडली. बिघडलेली वाटणी जागच्या जागी अडकून राहते, तिला आपण स्थितिक विद्युत म्हणतो. सुतळीत हवेतला ओलावा मुरलेला असतो, त्यातून प्रभार चेंडूपर्यंत सरकतो.

वर्ख तर उदासीन होता, मग तो का उडाला? धन चेंडू जवळ असल्यामुळे वर्खातले इलेक्ट्रॉन चेंडूच्या बाजूला गोळा झाले. जवळची बाजू ऋण झाली, लांबची धन. जवळच्या बाजूची ओढ लांबच्या बाजूच्या ढकलण्यापेक्षा जास्त, म्हणून अख्खा कपटा ओढला गेला. हे प्रवर्तन. चेंडूला शिवल्यावर तोच कपटा चेंडूसारखाच धन होतो आणि मग दूर फेकला जातो. बघा, तो पडलासुद्धा.

दुसऱ्या दिवशीही इथेच राहा, कारण खरी गंमत तेव्हा आहे. आता सुतळी आणखी लांब केली आहे. तिच्या वजनाने रेशमी दोरा तुटतो. ग्रे आणि व्हीलर यांनी रेशीम निवडलं होतं ते बारीक असतं म्हणून. आधाराचा दोरा जितका बारीक तितका प्रभार कमी निसटेल, असा त्यांचा हिशोब. मग त्याच जाडीची पण मजबूत गोष्ट हवी. पितळेची तार लावली जाते. ग्रे नळी घासतात. तुम्ही फळी धरून वाट बघता. वर्ख ढिम्म हलत नाही. पुन्हा घासतात. काही नाही.

दोघे काय समजायचं ते समजतात. बारीक असण्याचा इथे संबंध नव्हता, वस्तू कशाची आहे याचा होता. पितळेने सगळा प्रभार भिंतीकडे आणि जमिनीकडे पळवला; रेशमाने तो सुतळीतच राहू दिला. वाहक आणि रोधक हा भेद माणसाला असा, दोरा तुटल्यामुळे कळला. रेशमाच्या आधारावर ग्रे यांनी पुढे सुतळी साडेसातशे फुटांपलीकडे नेली. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दोरांवर आडवं टांगलं, काचेची नळी त्याच्या पायांजवळ धरली आणि वर्ख त्याच्या चेहऱ्याकडे उडाला. माणसाचं शरीरही वाहक असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या एका मुक्कामी तुमच्याच अंगाशी येणार आहे.

निघण्याआधी एक सांगायला हवं. हाच प्रयोग याच जुलैत रत्नागिरीत केला असता तर रेशीमही दमट झालं असतं आणि प्रभार केव्हाच निसटला असता. स्थितिक विद्युतीचे प्रयोग शाळेत पावसाळ्यात फसतात ते याच कारणाने. ते हिवाळ्यात करा.

पॅरिस : १७३३

इथे क्षणभरच थांबायचं. शार्ल द्यु फे यांच्या खोलीत सोन्याचा एक वर्ख हवेत तरंगतोय, खाली धरलेल्या घासलेल्या काचेपासून दूर ढकलला जात. द्यु फे आता राळेचा एक खडा घासून त्याच्याजवळ नेतात. काचेने ढकललं, तशी राळही ढकलेल अशी त्यांची अपेक्षा. वर्ख उलट राळेकडे झेप घेतो.

म्हणजे प्रभार दोन प्रकारचे. सारखे एकमेकांना दूर ढकलतात, वेगळे जवळ ओढतात. तुमच्या पुस्तकात एका ओळीत असलेलं हे वाक्य या खोलीत पहिल्यांदा खरं ठरतंय.

लायडन आणि व्हर्साय : १७४६

जानेवारी महिना, हॉलंडमधलं लायडन शहर. पीटर व्हान मुशेनब्रुक यांच्या प्रयोगशाळेत काचेचा एक गोळा गरगर फिरतोय आणि त्यावर हात टेकवून घर्षण होतंय. प्रभार रेशमी दोऱ्यांवर टांगलेल्या लोखंडी नळीत जातो आणि तिथून एका तारेने काचेच्या भांड्यातल्या पाण्यात. प्रभार पाण्यासारखाच एखाद्या भांड्यात साठवता येईल का, हे बघायचं आहे. भांडं प्राध्यापकांच्या उजव्या हातात आहे. डावा हात ते सहज लोखंडी नळीकडे नेतात.

पुढचा क्षण बघवत नाही. त्यांचं सगळं अंग हादरतं. पॅरिसमधल्या रेओम्यूर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवलं की फ्रान्सचं राज्य दिलं तरी हा अनुभव मी पुन्हा घेणार नाही. काही महिने आधी पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट यांनाही स्वतंत्रपणे असाच झटका बसला होता.

एवढा प्रभार भांड्यात मावला कसा? कारण भांड्याबाहेर तो हात होता. आतल्या पाण्यात प्रभार जमत गेला, तसा बाहेरच्या तळहातावर जमिनीतून विरुद्ध प्रभार येत गेला. मध्ये काच, म्हणून ते भेटू शकत नव्हते. पण काचेपलीकडून एकमेकांना धरून ठेवत होते, म्हणून आणखी प्रभार आत यायला जागा होत होती. दोन वाहक, मध्ये रोधक. आज याला धारित्र म्हणतात आणि तुमच्या घरच्या पंख्यातही ते असतं. पुढे लोकांनी हाताऐवजी बरणीला आतबाहेर धातूचा पत्रा लावला. ही लायडनची बरणी.

आता व्हर्सायला चला. राजवाड्यात पंधराव्या लुईसमोर १८० शिपाई हातात हात घालून उभे आहेत आणि रांगेत एक जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. उभे राहा. तुमच्या उजव्या हातात एका शिपायाचा खरखरीत पंजा, डाव्या हातात दुसऱ्याचा. पाद्री झां आंतुआन नोले रांगेच्या एका टोकाला भरलेली बरणी देतात. दुसऱ्या टोकाचा शिपाई बरणीच्या दांड्याला बोट लावतो.

कोपरात आणि छातीत एक धक्का. तुम्ही उडी मारल्याचं तुम्हाला नंतर कळतं. डावी-उजवीकडे बघा, सगळे एकाच वेळी उडाले. पहिला आधी आणि शेवटचा नंतर, असं काही झालं नाही. मंडल पूर्ण झालं आणि सगळीकडचा प्रभार एकदम हलला.

राजा खूश आहे. त्याला पुन्हा बघायचं आहे. पण पुन्हा म्हणजे काय? बरणी रिकामी झाली. आधी यंत्र फिरवायचं, बरणी भरायची, मग एक धक्का. पुन्हा यंत्र, पुन्हा बरणी, पुन्हा एकच धक्का. सेकंदाचा एक बारीकसा तुकडा आणि खेळ संपला. नोले रुबाबात झुकून नमस्कार करतात, पण या विद्येची सगळी अडचण तुम्ही आत्ता अंगावर घेतली आहे. धक्का आहे, प्रवाह नाही.

मार्ली, फ्रान्स : १० मे १७५२

दुपारचे दोन वाजून गेलेत. आकाश काळंठिक्कर. पॅरिसच्या बाहेरच्या या खेड्यात एका बागेत ४० फूट उंच लोखंडी सळई उभी आहे. तिचं बूड जमिनीला टेकलेलं नाही. बाटल्यांचे पाय असलेल्या पाटावर ठेवलंय. काच रोधक, हे तुम्ही लायडनला शिकलात. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचवलेला हा प्रयोग तोमा फ्रांस्वा दालिबार यांनी इथे मांडला आहे. पण दालिबार आज गावात नाहीत. राखण करायला क्वाफिए नावाचे एक निवृत्त घोडेस्वार आहेत.

ढग गडगडतो. क्वाफिए काचेची मूठ असलेली तार सळईजवळ नेतात. कडकड आवाज करत निळसर ठिणगी उडते. ते ओरडून गावच्या पाद्र्यांना बोलवायला माणूस पाठवतात. गारांचा मारा सुरू झाला आहे आणि त्यातून फादर रौले धावत येतायत. पाद्री पळतोय म्हणजे क्वाफिए वीज पडून गेले असणार, असं समजून गावकरीही त्यांच्यामागे पळतायत.

तुम्ही मात्र झाडाखाली नाही आणि सळईजवळही नाही, दूर एका घरात आहात. तिथेच राहा. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १७५३ मध्ये, सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिखमान हे प्राध्यापक असाच प्रयोग करताना वीज अंगावर येऊन जागीच मरण पावले. हा प्रयोग पुन्हा करायचा नसतो.

आभाळातली वीज आणि घासलेल्या काचेची ठिणगी एकच, हे मार्लीत सिद्ध झालं. ढगात बर्फाचे कण एकमेकांवर आदळून प्रभारांची वाटणी बिघडते, आणि ती इतकी बिघडते की हवेसारखा रोधकही हार मानतो. सळईचं बूड बाटल्यांवर न ठेवता जाड पट्टीने जमिनीत खोल पुरलं की तीच सळई तडितरक्षक होते.

फ्रँकलिन यांची आणखी एक निशाणी तुम्ही रोज वापरता. प्रभार एकच असतो, तो जास्त झाला तर अधिक आणि कमी झाला तर उणे, असं त्यांचं म्हणणं. घासलेल्या काचेवर तो जास्त होतो असं त्यांनी धरलं. निर्णय आंधळा होता, कारण सरकणारा कण तेव्हा कोणी पाहिला नव्हता. प्रत्यक्षात काचेवरून इलेक्ट्रॉन निघून जातात. म्हणून इलेक्ट्रॉनच्या वाट्याला ऋण चिन्ह आलं, आणि म्हणूनच तुमच्या वहीतल्या मंडलात विद्युतधारेचा बाण एकीकडे असतो आणि तारेतले इलेक्ट्रॉन उलट दिशेने जात असतात.

कोमो, इटली : मार्च १८००

आता खुर्ची ओढा आणि निवांत बसा, कारण या टेबलावर जे चाललंय त्यासाठी आपण इतक्या लांब आलो.

मधल्या वर्षांत बोलोन्यात लुइजी गाल्व्हानी यांनी पाहिलं होतं की दोन धातू लावले की मेलेल्या बेडकाचे पाय उडतात. विजेचा उगम बेडकात आहे, असं ते म्हणाले. अलेस्सांद्रो व्होल्टा म्हणाले, बेडकात काही नाही, जे आहे ते दोन वेगळ्या धातूंच्या भेटीत आहे. आणि आता ते बेडकाला पूर्ण बाजूला सारून दाखवतायत.

चांदीची एक चकती. तिच्यावर जस्ताची. तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. ही उतरंड तुम्हीच रचा. वीस जोड्या होईपर्यंत रचत राहा. पुठ्ठ्यातून खारं पाणी कडेने ओघळतंय, ते पुसून घ्या, नाहीतर तिथूनच मंडल जुळेल. आता खालच्या चकतीला जोडलेली पट्टी पाण्याच्या भांड्यात सोडा, त्या पाण्यात एक हात बुडवा, आणि दुसऱ्या ओल्या हातातल्या धातूच्या तुकड्याने वरच्या चकतीला स्पर्श करा.

हलका धक्का बसतो. व्हर्सायच्या तुलनेत काहीच नाही. पण हात काढून पुन्हा लावा. पुन्हा धक्का. पुन्हा लावा. पुन्हा. मध्ये कोणी यंत्र फिरवलं नाही, काच घासली नाही, बरणी भरली नाही. आणि बोटाला जखम असेल तर हात लावून धरल्यावरही झोंबत राहतं, थांबतच नाही. हे थांबत नाही, हीच बातमी आहे. २० मार्चला व्होल्टा ती लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्राने कळवतात.

कारण मात्र व्होल्टांनाही नीट सापडलं नाही. धातूंच्या नुसत्या स्पर्शाने हे होतं असं ते मानत राहिले. खरं काम पुठ्ठ्यातल्या खाऱ्या पाण्याजवळ चालू आहे. जस्त हळूहळू त्यात विरघळतं. त्याचे अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन धातूत मागे ठेवून आयन बनून पाण्यात उतरतात. चांदीपाशी दुसरी रासायनिक अभिक्रिया इलेक्ट्रॉन वापरून टाकते. एकीकडे साठा, दुसरीकडे तुटवडा, आणि जस्त शिल्लक आहे तोवर हा फरक टिकून राहतो. या फरकाला विभवांतर म्हणतात. एका जोडीचं ते जेमतेम एक व्होल्ट, किंबहुना त्याहून कमीच. वीस जोड्या एकावर एक, म्हणून वीसपट. टॉर्चमध्ये दोन सेल एकापुढे एक घालता तेव्हा तुम्ही व्होल्टांची उतरंडच रचत असता.

आता ऑटर्डनची काच आणि कोमोची उतरंड शेजारी ठेवा. घासलेल्या काचेचं विभवांतर हजारो व्होल्ट, उतरंडीचं वीसच्या खाली. मग मोठी कोणती? कड्यावरून ओंजळभर पाणी सोडलं तर ते खाली आपटतं आणि संपतं. शेतातल्या पाटाला उतार बोटभरच असतो, पण तो दिवसभर वाहतो आणि मळा भिजवतो. काचेकडे उंची आहे, पाणी नाही. उतरंडीकडे उंची बेताची आहे, पण पाणी आटत नाही. विभवांतर म्हणजे ती उंची. आणि दर सेकंदाला तारेच्या एखाद्या छेदातून किती प्रभार गेला, ती विद्युतधारा. सेकंदाला एक कुलोम गेला तर एक अँपिअर. एक कुलोम म्हणजे सहा अब्ज अब्जांहून थोडे जास्त इलेक्ट्रॉन. सहावर अठरा शून्यं.

एवढे इलेक्ट्रॉन जात असतील तर ते भन्नाट वेगाने पळत असतील, असं वाटतं ना? तसं नाही. घरातल्या साध्या तारेत त्यांची पुढे सरकण्याची गती सेकंदाला मिलिमीटरभरही नसते. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण तारेत सगळीकडे इलेक्ट्रॉन आधीपासून भरलेले असतात आणि बटणासरशी सगळे जवळपास एकदम हलू लागतात. रांगेतले १८० शिपाई आठवा. एका टोकाचा शिपाई दुसऱ्या टोकाला धावत गेला नव्हता.

त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल अशा उतरंडीच्या तारा पाण्यात सोडतात आणि पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात.

कोपनहेगन : १८२०

वसंत ऋतू, व्याख्यानाची खोली. हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड टेबलावरच्या तारेचं मंडल जोडतात आणि तारेखालच्या होकायंत्राची सुई जराशी वळते. श्रोत्यांना त्यात विशेष वाटत नाही. तुम्हाला वाटायला हवं. याच होकायंत्राशेजारी तुम्ही भरलेली लायडनची बरणी तासभर ठेवली तरी साठून राहिलेला प्रभार सुईला चुंबकासारखा वळवणार नाही. प्रभार वाहू लागला तरच चुंबकत्व दिसतं.

म्हणजे आता धक्का न खाता विद्युतधारा मोजता येईल. तारेचे पुष्कळ वेढे घाला, मध्ये सुई टांगा, झालं गॅल्व्हनोमीटर. याच दशकात जर्मनीत गेऑर्ग ओम सुईचं वळणं मोजून दाखवतील की विभवांतर दुप्पट केलं की त्याच तारेतली धारा दुप्पट होते. हे यंत्र घेऊन शेवटच्या मुक्कामी जाऊ, कारण तिथे एक भांडण मिटायचं आहे.

रॉयल इन्स्टिट्यूशन, लंडन : १८३२ ची अखेर

भांडण असं : काच घासून मिळते ती वीज, व्होल्टांच्या उतरंडीची वीज, चुंबकातून मिळणारी, विद्युत माशाच्या अंगातली, या सगळ्या एकच आहेत की वेगवेगळ्या? वेगळ्या म्हणणाऱ्यांचा मुद्दा कच्चा नाही. एक लांबून ठिणगी टाकते, वर्ख ओढते. दुसरी तसं काही करत नाही, पण पाणी फोडते आणि तार तापवते.

तळघरातल्या प्रयोगशाळेत मायकेल फॅरडे हळदीचा कागद कापतायत. हो, आपलीच हळद. अल्कलीने ती तांबडी होते, म्हणून इथे ती दर्शक म्हणून वापरतात. लिटमस कागदही आहे. दोन्ही कागद क्षाराच्या द्रावणात भिजवून फॅरडे त्यांतून घर्षणयंत्राची वीज जाऊ देतात. हळदीचा कागद एका टोकाला तांबूस होतो, लिटमस दुसऱ्या टोकाला लाल. म्हणजे घासून मिळवलेली वीजही रासायनिक काम करते, अगदी उतरंडीसारखं. फक्त फार हळू.

किती हळू? आता बाह्या सरसावा. हे यंत्र म्हणजे ५० इंच व्यासाची काचेची चकती आहे, तिचा दांडा तुम्ही फिरवा. फॅरडे मोजतायत. तीस फेरे झाले की थांबा. दंड भरून आले असतील. त्या तीस फेऱ्यांचा प्रभार आठ बरण्यांत गेला आहे. बरण्या गॅल्व्हनोमीटरमधून रिकाम्या करायच्या, पण मध्ये एक भिजवलेला जाड दोरा ठेवायचा, म्हणजे प्रभार धक्क्याने न जाता जरा दमाने जाईल. सुई वळते. कुठल्या रेघेपर्यंत गेली ते नोंदवा.

आता पुन्हा तीस फेरे, पण या वेळी पंधरा बरण्यांत. बरण्या जास्त, म्हणून विभवांतर कमी. सुई कुठवर जाईल, तुमचा अंदाज सांगा.

ती अगदी त्याच रेघेपर्यंत जाते. सुईला विभवांतराशी देणंघेणं नाही. एकूण प्रभार किती गेला, तेवढंच ती सांगते.

मग फॅरडे गॅल्व्हनोमीटरला जोडलेल्या दोन तारा घेतात, एक प्लॅटिनमची, एक जस्ताची, प्रत्येकी इंचाच्या अठराव्या भागाएवढ्या जाड. चार औंस पाण्यात सल्फ्युरिक आम्लाचा एकच थेंब टाकलेला. त्यात तारांची टोकं इंचाच्या पाच-अष्टमांश बुडवायची आणि घड्याळाचे ठोके मोजायचे. एक, दोन, तीन... आठ. उचला. तीन सेकंदांहून किंचित जास्त वेळ झाला.

सुई पुन्हा त्याच रेघेला जाऊन आली.

तुमच्या दुखऱ्या दंडांना आता विचारा. ५० इंची यंत्राचे तीस फेरे आणि एका थेंबाच्या आम्लात आठ ठोके बुडालेल्या दोन बारीक तारा : प्रभार तेवढाच. जानेवारी १८३३ मध्ये हा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. विजा निरनिराळ्या नाहीत, एकच आहे. फरक प्रभाराच्या राशीचा आणि विभवांतराचा. पुढच्या वर्षी फॅरडे यांनी हिशोब मांडला की एक ग्रेन पाणी, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, फोडायचं तर त्या बरण्या तीस फेऱ्यांनी ८ लाख वेळा भरून रिकाम्या कराव्या लागतील.

आज, तुमचं टेबल

फॅरडे यांचा आकडा आजच्या मापात बसवून बघू. ६५ मिलिग्रॅम पाणी फोडायला सुमारे ७०० कुलोम लागतात. त्याला ८ लाखांनी भागा. तीस फेऱ्यांची तुमची कमाई एक कुलोमच्या हजाराव्या भागापेक्षाही थोडी कमी भरते. ०.३ अँपिअरचा टॉर्चचा बल्ब तेवढा प्रभार सेकंदाच्या सुमारे तीन हजारांशात संपवतो.

पुस्तकात स्थितिक विद्युत आणि धारा विद्युत हे दोन धडे आहेत. दोन्हींत प्रभार तोच. म्हणून विजेची कुठलीही गोष्ट समोर आली की दोन प्रश्न विचारायचे : विभवांतर किती, आणि किती प्रभार वाहू शकतो?

हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होतं. विभवांतर हजारो व्होल्ट, प्रभार कुलोमच्या दहालाखाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. दचकता, हसता, विसरता.

पेन्सिल सेल घ्या. विभवांतर फक्त दीड व्होल्ट, पण चांगल्या सेलमध्ये एकूण सात हजार कुलोमच्या आसपास प्रभार वाहवण्याची ताकद. आभाळातली एक वीज साधारण काही कुलोम ते काही दहा कुलोम घेऊन खाली येते. म्हणजे प्रभाराच्या हिशोबात तुमचा सेल विजेवर शेकडो पटींनी भारी आहे. तरी सेल हातात धरता येतो, कारण दीड व्होल्ट कोरड्या कातडीतून जाणवण्याइतकीही धारा ढकलू शकत नाही. आणि वीज झाड उभं चिरते, कारण तिच्यामागे कोट्यवधी व्होल्ट असतात आणि हजारो अँपिअरची धारा सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात जाते.

शेवटी भिंतीवरचं सॉकेट. २३० व्होल्ट, म्हणजे स्वेटरच्या ठिणगीपेक्षा कितीतरी कमी. पण मागे अख्खं वीजकेंद्र उभं आहे, आणि ते तीस फेऱ्यांनी थकत नाही. स्वेटरचा प्रभार एका चटक्यात संपतो. सॉकेटमधला, तुम्ही हात काढेपर्यंत किंवा फ्यूज उडेपर्यंत वाहतच राहतो, आणि अशा वेळी स्नायू आखडल्यामुळे हात काढणं अनेकदा आपल्या हातात उरत नाही. म्हणून प्रयोग करायचे ते सेलवर करा, आणि सॉकेटला ओला हात लावू नका.